गोगलगाय आणि आपला शेजारी

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने कोणाला ना कोणाला उद्देशून वापरली असेल. दिसायला गरीब पण आतून कावेबाज अशा माणसाला आपण ती लावतो. प्राणिशास्त्रज्ञांनी ह्या प्राण्याच्या वर्गाला जे नाव दिले आहे त्याचाही अर्थ 'पोट हेच ज्याचे पाय' असाच होतो. तेव्हा आपल्या आजीबाईंचे निरीक्षण अगदी बरोबर होते. चूक झाली ती निष्कर्षात. गोगलगायीच्या पोटाला पाय आहेत, पोटात कपट नाही. असे असूनही माणसांना आणि गुरांना होणारे काही भयंकर रोग ह्याच मुक्या जिवाच्या अंगातून पाण्यात उतरतात, हेही तितकेच खरे आहे. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मला एका लहान मुलाने विचारला.

गेल्या पावसाळ्यात शब्बाथ शाळेत उत्पत्तीचा पहिला अध्याय चालू होता. देवाने जे निर्माण केले ते सर्व चांगले आहे असे त्याने पाहिले, हे मी सांगत होतो. तेवढ्यात मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "मास्तर, मग डबक्यातली गोगलगाय पण चांगली? आमची म्हैस तिच्यामुळे मेली." मी घड्याळाकडे पाहिले, वेळ झाली असे सांगितले आणि शेवटची प्रार्थना घेतली. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना ही युक्ती ठाऊक असेल. परंतु माझी अडचण केवळ उत्तर न सुचण्याची नव्हती. त्या मुलाची म्हैस कशी मेली हे त्याच्यापेक्षा मला अधिक ठाऊक होते.

खानवेलची साकरतोड नदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आमचा मुलूख वेगळा सांगायला नको. सिल्वासाहून इकडे यावे तसतसे डोंगर जवळ येतात, आणि पावसाळ्याचे चार महिने जिकडे तिकडे पाणीच पाणी असते. भाताची खाचरे, ओहोळ, बांधाखालची डबकी, सगळे एकमेकांत वाहते. वारली, कोकणा, धोडिया अशा सगळ्यांचे पाडे ह्याच पाण्याच्या आधाराने वसलेले आहेत. खाली दमणगंगेवर मधुबन धरण आहे आणि त्याचा फुगवटा दुधनीपर्यंत दिसतो. पाऊस ओसरला की जिथे पाणी उरते तिथे गुरे जमतात. आमच्या पाड्याखाली असे एक डबके आहे. ते कोणाच्याच मालकीचे नाही, म्हणून सर्वांचे आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या म्हशीचे दूध आटले. अंगावरचे मांस उतरले आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. पशुवैद्यांनी शेण तपासून सांगितले की यकृतात चपटे कृमी झाले आहेत. हा कृमी झाडाच्या पानासारखा असतो, दोन-अडीच इंचांपर्यंत वाढतो, आणि पित्ताच्या नळ्यांत घर करून राहतो. त्याची अंडी शेणातून बाहेर येतात. शेण पाण्यात पडले की अंड्यातून डोळ्यांना न दिसणारे पिल्लू निघते आणि पोहू लागते. त्याला थोड्या तासांत विशिष्ट जातीची गोगलगाय सापडली नाही तर ते मरते. सापडली तर तिच्या अंगात शिरून ते एकाचे शेकडो होते. काही आठवड्यांनी ही शेकडो पिल्ले बाहेर पडतात, पाण्याकाठच्या गवताला आणि भाताच्या देठांना चिकटतात आणि कवच करून वाट पाहतात. ते गवत गुराने खाल्ले की फेरा पूर्ण झाला.

वैद्यांनी औषध दिले. त्याबरोबर तीन गोष्टी सांगितल्या. गुरांना त्या डबक्यावर नेऊ नका, हौदातून पाणी पाजा. शेण खड्ड्यात कुजू द्या, म्हणजे त्याच्या उष्णतेने अंडी मरतात. आणि ह्या डबक्यावर ज्यांची गुरे येतात त्या सर्वांना सांगा, कारण औषधाने आजची म्हैस बरी होईल, पण डबके तसेच राहिले तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच.

पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. तिसरी केली नाही. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. ती म्हैस मी बाजारातून नवीन आणली होती. रोग मास्तरांच्या म्हशीने आणला असे लोक म्हणतील, ह्या भीतीने मी गप्प बसलो. माझी म्हैस बरी झाली. पुढच्या वर्षी त्या मुलाच्या घरची म्हैस खंगत गेली, आणि वैद्यांना बोलावीपर्यंत उशीर झाला. तेवढ्या एका म्हशीच्या दुधावर त्या घराचे मीठमिरची चालत होते.

आता त्या मुलाचा प्रश्न पुन्हा वाचावा. गोगलगाय चांगली की वाईट?

गोगलगायीच्या बाजूने प्रथम बोलले पाहिजे, कारण ती स्वतः बोलणार नाही. ती कृमीला बोलावीत नाही. कृमी तिच्या अंगात शिरतो, तिचे अन्न खातो, आणि पुष्कळदा तिची अंडी घालण्याची शक्तीच नष्ट करतो. म्हणजे रोग पसरवणारी गोगलगाय स्वतःच रोगी असते, वांझ झालेली असते. निरोगी गोगलगाय कोणाचेही नुकसान करीत नाही. ती शेवाळ खाते आणि बदकांचे व माशांचे अन्न होते. ती रोगी होते कशाने? पाण्यात शेण पडल्याने. शेण पाण्यात कोणाचे पडले? आमच्या गुरांचे. साखळीला कड्या अनेक आहेत, पण त्यातली विचार करू शकणारी कडी एकच आहे, आणि तिने मात्र बोट दाखवले ते विचार करू न शकणाऱ्या कडीकडे. एदेन बागेपासून ही आपली जुनी खोड आहे. तिथेही शेवटी बोट सरपटणाऱ्या प्राण्याकडेच गेले होते.

कोणी म्हणेल, हे गुरांपुरते आहे. नाही. माणसांच्या बाबतीतही हेच घडते, आणि आपल्या महाराष्ट्रातही घडले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तेथील लोकांना लघवीतून रक्त जाण्याचा विकार होता. १९५२ साली गाडगीळ आणि शहा ह्या दोन डॉक्टरांनी जाहीर केले की हा शिस्टोसोमा नावाच्या रक्तकृमीचा रोग आहे. तोवर हा रोग आफ्रिका, मिसर अशा दूरच्या देशांचा मानला जात असे. कोकणातल्या एका खेड्यात तो सापडावा ह्याचे वैद्यकीय जगताला फार आश्चर्य वाटले. तिथली वाहक गोगलगायही निराळीच निघाली. नेहमीसारखा वेटोळ्यांचा शंख नसलेली, दगडाला टोपीसारखी चिकटून बसणारी, नखाहूनही लहान अशी ती फेरिसिया जातीची गोगलगाय. पाण्यात पाय बुडवणाऱ्यांपैकी कोणाचेच तिच्याकडे कधी लक्ष गेले नसेल. पुढे रुग्णांवर उपचार झाले, गोगलगायींचा नाश करण्यात आला, आणि ते केंद्र नाहीसे झाले.

ह्या कृमीचा मार्ग आमच्या गुरांच्या कृमीहून अधिक भयंकर आहे, कारण तो गवताची वाट पाहत नाही. गोगलगायीतून निघालेले पिल्लू पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरते. आणि ते गोगलगायीपर्यंत जाते ते माणसाच्याच लघवीतून. विचार करा. एक मुलगा वहाळात डुंबतो आहे. मुले पाण्यात जे करतात ते तो करतो. त्यात कसले पाप? परंतु काही आठवड्यांनी त्याच पाण्यात दुसरा मुलगा उतरतो, आणि त्याच्या मूत्राशयात वर्षानुवर्षे टिकणारा रोग जातो. ज्याने दिला त्याला ठाऊक नाही, ज्याला मिळाला त्याला ठाऊक नाही. इथे अपराध आहे की नाही?

आजचा सुशिक्षित माणूस झटकन म्हणेल, जिथे ज्ञान नाही तिथे अपराध नाही. मीही पूर्वी असेच म्हणत असे. परंतु पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. लेवीयच्या चौथ्या अध्यायात नकळत घडलेल्या पापासाठी अर्पण सांगितले आहे, आणि पाचव्या अध्यायात तर स्पष्ट आहे की माणसाला कळले नाही तरी तो दोषी ठरतो. हा भाग आपण वाचनात भराभर ओलांडून जातो. बकऱ्यांची आणि चरबीची ती वर्णने आपल्याला कंटाळवाणी वाटतात. पण ह्या नियमामागे एक मोठी समज आहे. इजा ही इजाच असते. माझ्या हातून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर माझ्या मनात काय होते ह्याने त्याचे नुकसान भरून निघत नाही. वधस्तंभावर आपल्या प्रभूने, आपण काय करतो हे ज्यांना समजत नव्हते त्यांच्यासाठी क्षमा मागितली. न समजणे हे निर्दोष असण्यासारखेच असते तर क्षमा मागण्याचे कारणच काय होते?

ह्यावर आक्षेप येईल की अशाने जगणेच अशक्य होईल. आपण दिवसभरात नकळत काय काय करतो ह्याचा हिशेब कोण ठेवणार? आक्षेप खरा आहे. परंतु तोच चौथा अध्याय पुन्हा पाहावा. तिथे अर्पण आणायचे ते त्या पापाची जाणीव झाल्यानंतर. नियमशास्त्र माणसाला अज्ञानाच्या काळासाठी चिरडीत नाही. जाणीव झाली त्या घटकेपासून मात्र त्याला सोडीत नाही. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावी. पाचव्या अध्यायात, ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावे, आणि तेही परवडत नसतील तर थोडे पीठ. दोष सर्वांना सारखा, पण तो फेडण्याची किंमत गरिबासाठी उतरत जाते. पाड्यावरच्या माणसाला 'शौचालय बांध, हौद बांध, गुरांना दरवर्षी दोनदा औषध पाज' असा नुसता उपदेश करून मोटारीत बसणाऱ्यांनी हा पिठाचा नियम वाचावा.

मग माझे काय? गिमवीच्या वहाळातला मुलगा लेवीयच्या चौथ्या अध्यायात बसतो. मी बसत नाही. मला सांगितले गेले होते. माझ्यासाठी याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले सतरावे वचन आहे, जिथे चांगले काय हे कळूनही न करणाऱ्याच्या त्या न करण्यालाच पाप म्हटले आहे. आणि यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायातला तो भागही आहे, ज्यात परमेश्वर धष्टपुष्ट मेंढरांना विचारतो की तुम्ही निर्मळ पाणी पिता ते पुरे नाही काय, म्हणून उरलेले पायांनी गढूळ करता? मी तर त्याहून पुढे गेलो. पाणी गढूळ झाले आहे हे कळताच मी माझी मेंढरे हौदावर नेली आणि बाकीच्यांना तेच पिऊ दिले.

ह्या विषयावर वाचताना मला एक मनोरंजक गोष्ट आढळली. २ राजे ह्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोचे लोक अलीशाकडे येतात आणि म्हणतात की नगर रम्य आहे पण पाणी वाईट आहे. हल्स नावाच्या एका संशोधकाने १९७१ साली असा तर्क मांडला की यरीहो दीर्घकाळ ओसाड पडले त्याला हाच रक्तकृमी कारण असावा. ज्या जातीची गोगलगाय हा रोग वाहते तिचे शंख यरीहोच्या उत्खननात मिळाले आहेत. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे, आणि चमत्काराला शास्त्राचा टेकू दिल्यावाचून चैन न पडणारे जे वाचक असतात त्यांपैकी मी नाही. पण मिसर देशात हा रोग फार जुना आहे ह्यात शंका नाही; तिथल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत ह्या कृमीची अंडी १९१० साली सापडली. इस्राएल लोक ज्या नदीकाठी विटा पाडीत होते त्या मुलखाचा हा रोग. असो. मला त्या कथेत महत्त्वाचे वाटते ते हे की नगरातील लोक स्वतः संदेष्ट्याकडे आले आणि आमचे पाणी वाईट आहे असे उघड बोलले. यरीहोच्या लोकांजवळ जो प्रामाणिकपणा होता तो माझ्याजवळ नव्हता. आणि अलीशा मीठ घेऊन गेला तो पाण्याच्या उगमाशी.

उगमाशी जाणे सोपे नसते. गोगलगाय मारणे त्यामानाने सोपे, म्हणून जगाने प्रथम तेच केले. जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी ह्यांनी १९१३ साली आणि मिसरमध्ये लायपर ह्यांनी १९१५ साली गोगलगायीचा ह्या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला, आणि तेव्हापासून तिच्यावर विषप्रयोग सुरू झाले. आपण द्राक्षांवर आणि सुपारीवर फवारतो ते मोरचूद पाण्यात ओतण्यात आले. त्याने गोगलगायी मेल्या, पण मोरचूद माशांनाही सोडीत नाही. ज्या गरिबाच्या मुलाला रोगापासून वाचवायचे, त्याचेच जेवण पाण्यावर उलटे तरंगू लागते. पुढे निघालेली औषधेही माशांना घातकच ठरली. तरीही मी अशा प्रयोगांना सरसकट वाईट म्हणणार नाही. रक्त लघवीत जाणाऱ्या मुलाच्या आईला विचारा, ती मासे सोडून देईल.

चांगल्या हेतूने केलेल्या कामाचाही नीट हिशेब घ्यावा लागतो, ह्याचे मोठे उदाहरण मिसरचे आहे. तिथे १९५० नंतर तीसएक वर्षे सरकारने लाखो खेडुतांना ह्या रोगावर सुया टोचल्या. रोग कमी झाला. पण त्याच सुया नीट न उकळता एकाची दुसऱ्याला वापरल्या गेल्या, आणि त्यातून यकृताचा एक विषाणुजन्य रोग देशभर पसरला. हे जगाला कळेपर्यंत एक पिढी उलटली होती. त्या सुया टोचणारे माझ्यासारखे भित्रे नव्हते, आळशीही नव्हते. ते सेवाच करीत होते. लेवीयचा चौथा अध्याय त्यांच्यासाठी आहे, आणि तो वाचताना त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे धाडस मला होत नाही.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. पश्चिम आफ्रिकेत सेनेगाल नदीवर १९८६ साली धरण पूर्ण झाले. खाऱ्या पाण्याकडे जाऊन अंडी घालणाऱ्या नदीतल्या कोळंबीची वाट त्यामुळे अडली. कोळंबी गोगलगायी खात असे. ती गेली, गोगलगायी वाढल्या, आणि रिशार्ड-टोल गावाच्या परिसरात रोगाचा असा भडका उडाला की तसा पूर्वी क्वचितच कोठे पाहिला गेला होता. पुढे संशोधकांनी एका गावाच्या पाणवठ्यावर पुन्हा कोळंबी सोडली आणि तिथे रोग घटला, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. देवाने केलेले चांगले आहे ह्या वाक्याचा अर्थ मला ह्या कोळंबीने अधिक समजावला. एकेकटा प्राणी चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. उत्पत्तीत देव शेवटी सर्व काही एकत्र पाहतो आणि मग फार चांगले म्हणतो.

जपानने मात्र गोगलगायीला जवळजवळ संपवले. कालवे सिमेंटचे केले, ओलसर जमिनी कोरड्या केल्या, आणि १९९६ साली यामानाशी प्रांताने रोग संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर कुरुमे शहरात, नदीकाठी, नष्ट केलेल्या त्या गोगलगायीसाठी २००० साली एक स्मारकशिळा उभारण्यात आली. त्यांचा धर्म आपला नव्हे, आणि मेलेल्या गोगलगायीसाठी विधी करणे आपल्या विश्वासात बसत नाही. परंतु दगड उभा करणाऱ्यांना आपण काय केले ह्याची जाणीव होती. जे करणे भाग होते ते त्यांनी केले, आणि त्याला किंमत पडली हे लपवले नाही. सर्व सृष्टी आपल्याबरोबर कण्हत आहे असे पौल रोमकरांस लिहितो, तेव्हा त्या कण्हण्यात शंखातला हा जीवही धरायचा की नाही, ह्याचा विचार बायबल अभ्यासवर्गात व्हायला हरकत नाही. स्तोत्र ५८ मध्ये गोगलगाय विरघळून जाण्याचा उल्लेख आहे, पण तो दुष्टांसाठी दृष्टान्त म्हणून. तिच्या बाजूने तिथे कोणी बोललेले नाही.

शब्बाथ शाळेतल्या त्या रविवारनंतर चार दिवस मी गेलो नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याचा बाप ओटीवर टोपलीला पट्ट्या आवळीत बसला होता. मी म्हणालो, "दादा, तुमची म्हैस ज्या रोगाने गेली तो त्या डबक्यात आहे हे मला आधीच्या वर्षीच ठाऊक होते. माझ्या म्हशीलाही तोच होता. मी सांगितले नाही." त्याने हातातले काम थांबवले नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "तुमची आता किती देते, मास्तर?"

"सकाळ-संध्याकाळ मिळून पाच शेर," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मीही बसून राहिलो. त्या घरी दूध पोचवायला मी दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, लेवीयच्या सहाव्या अध्यायात मूळ भरपाईवर पाचवा हिस्सा अधिक द्यायला सांगितले आहे, आणि मी अजून मूळ भरपाईपर्यंतही पोचलेलो नाही. दिवाळीनंतर आम्ही पाड्यावरच्या सात घरांनी मिळून डबक्याभोवती निवडुंग आणि बांबूचे कुंपण घातले आणि वरच्या बाजूला हौद बांधला. त्याला लागलेले सिमेंट मंडळीच्या दानपेटीतून यावे असे मी कमिटीपुढे मांडले, तेव्हा गुरांच्या हौदाचा आणि सुवार्तेचा काय संबंध असे एका वडीलधाऱ्या सभासदाने विचारले. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीबाहेर शौचास जाताना फावडे न्यावे आणि माती ओढावी असे परमेश्वरानेच सांगितले आहे, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. सिमेंट मिळाले.

त्या मुलाला मात्र मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. त्याच्या बापाने घरी काय सांगितले, सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. परवा तो हौदाच्या कठड्यावर बसला होता आणि शेजारच्यांची बदके कुंपणाखालून डबक्यात घुसत होती. मी त्यांना हाकलायला निघालो तर तो म्हणाला, "राहू द्या मास्तर, ती गोगलगायी खातात." मग जरा थांबून त्याने विचारले, "आणि तुम्हाला आधी माहीत होते ना?" मी हो म्हटले आणि त्याच्याजवळ कठड्यावर बसलो.